पखवाजाच्या ठेक्यावरचा गेम: निवडायचा कसा, बनवायचा कसा

सिंधुदुर्गात डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, रात्र रात्र बसणाऱ्या पोरांना मोबाइलवरचे तालाचे गेम आवडले नाहीत तरच नवल. पण गेम निवडताना गाण्यांची यादी मागाहून बघा. आधी सेटिंगमध्ये ‘कॅलिब्रेशन’ किंवा ‘ऑफसेट’ आहे का ते पाहा. आवाज आणि बोट यांच्यातला उशीर भरून काढायची सोय नसेल, तर तो गेम घेऊच नका. ब्लूटूथ हेडफोनही काढून ठेवा, वायरचा लावा. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत चौगुणीचे (एका मात्रेत चार) बोल १२५ मिलिसेकंदांच्या अंतराने येतात. ब्लूटूथचा उशीर बरेचदा याहून जास्त असतो. बोल कानावर पडेपर्यंत पुढच्याची वेळ झालेली असते.

नवख्याने नामकोच्या ‘तायको नो तात्सुजिन’पासून सुरुवात करावी. २००१ पासूनचा हा जपानी गेम आहे: लाल खूण आली की ढोलाच्या मध्यावर मारायचं, निळी आली की काठावर. ‘रॉक बँड’च्या ड्रमला चार पॅड आणि पायाशी पेडल, ते पुढे बघू. पखवाजालाही तोंडं दोनच, डावीकडे धुमा आणि उजवीकडे शाई. म्हणून स्वतःचा गेम करताना दोन रंगांचाच नमुना धरा.

रेकॉर्डिंग आरतीच्या गर्दीत करू नका, झांजा सगळं गिळून टाकतात. पखवाजवाल्या दादांची परवानगी घ्या, पंखा बंद करा आणि त्यांच्याकडून आठ मात्रांचा भजनी ठेका एकट्याने वाजवून घ्या. धुम्याला कणीक नुकतीच लावलेली असली तर फारच छान, दोन्ही बाजूंचे आवाज स्वच्छ वेगळे येतात.

आता खरं काम. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर उघडा, केलेलं रेकॉर्डिंग त्यात वाजवा आणि प्रत्येक थापेला कंट्रोल आणि एम दाबा. तिथे खूण पडते. तिला ‘धु’ किंवा ‘शा’ नाव द्या. हाताने दाबलेली खूण बहुधा मागे पडते, म्हणून चित्र मोठं करून जिथे लाट एकदम उसळते तिथे ती सरकवा. कंटाळवाणं आहे, पण गेमचा जीव इथेच आहे. सगळीकडे सांगतात तसं ठरावीक वेगाच्या चौकटीत खुणा बसवू नका. आपलं भजन ठायीत, म्हणजे संथ सुरू होतं आणि द्रुतात, म्हणजे जलद लयीत चढतं. चौकट घातलीत की चढण्याची ती मजाच गेली. खुणांची यादी मजकुराच्या फाइलमध्ये निघते. प्रत्येक ओळीत सेकंदातली वेळ आणि नाव असतं.

ही यादी गोडो या मोफत गेम-इंजिनात वाचून घ्या. खूण पडद्यावर प्रत्येक फ्रेमला (पडद्यावरचं चित्र नव्याने उमटतं तेव्हा) थोडी थोडी सरकवू नका, फोन अडखळला की ताल तुटतो. त्याऐवजी गाणं कुठवर आलंय ते दर फ्रेमला ऑडिओला विचारा, खुणेच्या वेळेतून ते वजा करा आणि उरलेल्या वेळेला वेगाने गुणून जागा ठरवा.

अचूक थापेला मागेपुढे ५० मिलिसेकंदांची सूट, चालण्याजोगीला १०० ठेवून बघा. मग दादांनाच खेळायला द्या आणि प्रत्येक थापेतला फरक फाइलमध्ये उतरवा. फरक सतत एकाच बाजूला दिसला तर ऑफसेट बदला. दोन्ही बाजूंना विखुरलेला असेल, तरच सूट वाढवा.