नोवाक: एका नावाचा माग कसा काढावा

नोवाक हे नाव मराठी वाचकाला टेनिसपटू नोवाक जोकोविचमुळे ठाऊक असते. तेच नाव चेक प्रजासत्ताक, स्लोव्हेनिया आणि पोलंड या तिन्ही देशांत सर्वांत जास्त लोकांचे आडनाव आहे, रोमानियाच्या दक्षिणेत डोंगरपायथ्याच्या एका लहान शहराला ते लागलेले आहे, आणि सर्बियन व रोमानियन लोकगीतांत ते एका म्हाताऱ्या बंडखोराचे आहे. अशा नावाचा माग काढायला बसले की या सगळ्यांना एकाच सूत्रात ओवण्याचा मोह होतो. तो आवरून काम कसे करावे, हे येथे नोवाकच्याच उदाहरणाने सांगितले आहे, कारण या नावात चुकण्याच्या जागा भरपूर आहेत आणि त्यांतली जवळजवळ प्रत्येक चूक काहीतरी शिकवून जाते.

कामाला लागण्यापूर्वी वहीचे तीन भाग करावेत: शब्द, माणसे आणि गावे. लोककथांसाठी वेगळी वहीच घ्यावी, कारण तेथे माणसे, गावे आणि काळ हे सगळे एकमेकांत मिसळलेले असते. एका भागातली नोंद दुसऱ्या भागातल्या नोंदीशी जोडताना मध्ये पुरावा काय, हे लिहिल्याशिवाय रेघ ओढू नये. ध्वनी सारखा आहे, एवढा पुरावा पुरत नाही.

सुरुवात शब्दापासून करावी. नोवाक या शब्दाचा गाभा ‘नोव्’ म्हणजे नवा. स्लाव्ह भाषांतला हा ‘नोव्’, लॅटिनमधला ‘नोवुस’ आणि संस्कृत ‘नव’ हे एकाच मुळातून फुटलेले शब्द आहेत, त्यामुळे आपल्याला हे नाव परके वाटण्याचे कारण नाही. त्या गाभ्याला ‘-आक’ हा प्रत्यय लागून ‘नवा आलेला माणूस’ असा अर्थ होतो. मराठीत त्याला ‘नवखा’ हा शब्द चपखल बसतो. गावात, शेतावर किंवा धंद्यात नुकताच आलेला माणूस जुन्या रहिवाशांच्या तोंडी नोवाक होत असे. मराठेशाहीच्या गावगाड्यात वतनी हक्काने जमीन कसणारा तो मिरासदार आणि बाहेरून येऊन कसणारा तो उपरी, हा भेद ज्याला माहीत आहे त्याला हे नाव कसे पडत असेल ते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. फरक एवढाच की तिकडे ते संबोधन पुढे आडनाव होऊन कायमचे चिकटले आणि दहा पिढ्या एकाच गावात राहिलेले घराणेही नवखेच म्हणवले गेले.

शब्द कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत गेला, हेही येथेच पाहावे. रोमानियन ही लॅटिनची लेक आहे आणि नव्यासाठी तिचा स्वतःचा शब्द ‘नोउ’ असा आहे. ‘सातु नोउ’ म्हणजे नवे गाव. तेव्हा रोमानियात ‘नोवाक’ दिसला की तो घरचा वारसा नसून स्लाव्ह शेजाऱ्यांकडून आलेला आहे, हे त्यातल्या ‘व’ या व्यंजनावरूनच कळते. उलट नोवी साद, नोव्हगोरोद, नोवा गोरित्सा ही नावे सरळ ‘नवा’ या विशेषणापासून झाली आहेत, त्यांत नोवाक नावाचा कोणी माणूस नाही. ‘नोव्’ने सुरू होणारे प्रत्येक गाव आपल्या यादीत ओढून आणणे ही नवशिक्याची नेहमीची चूक असते.

त्यानंतर लेखन आणि उच्चार यांकडे वळावे, आणि या पायरीवर घाई मुळीच करू नये. नाव आधी मूळ लिपीत आणि मूळ वर्णरचनेत उतरवून घ्यावे, मग त्याच्याशेजारी देवनागरीत उच्चार लिहावा. रोमन लिपीतले एकच अक्षर प्रत्येक भाषेत वेगळे बोलते. रोमानियनमध्ये नोवाक हे नाव शेवटी ‘सी’ हे अक्षर घालून लिहितात आणि तेथे त्याचा उच्चार ‘क’ होतो. नेमकी हीच अक्षरे सर्बियन किंवा क्रोएशियन मजकुरात आली तर उच्चार ‘नोवात्स’ होतो आणि अर्थ होतो पैसा. शोधयंत्राला हा फरक कळत नाही. ते रोमानियातल्या वीरपुरुषाबरोबर सर्बियातल्या बँकांच्या बातम्याही पुढे आणून टाकते. अनेकवचनातही असेच घडते. रोमानियन अनेकवचनाचा उच्चार ‘नोवाच’ असा होतो, तर उत्तर मॅसेडोनियात बितोला शहराजवळच्या गावाचे नाव ‘नोवात्सी’ असे उच्चारतात, आणि रोमन लिपीत दोन्ही अगदी सारखी लिहिलेली दिसतात. सिरिलिक लिपीतले नाव पाहिले की हा गोंधळ तेथेच मिटतो.

भाषागणिक रूपांची यादी करून ठेवावी. पोलिशमध्ये मधला ‘व’ वेगळ्या अक्षराने लिहितात. चेकमध्ये दुसरा स्वर दीर्घ असतो आणि स्त्रियांचे आडनाव ‘नोवाकोवा’ होते, म्हणून चेक नोंदी चाळताना आई, बहीण आणि लेक यांना वेगळ्या रूपाखाली शोधावे लागते. पोलंडमध्ये आज हे आडनाव स्त्री-पुरुषांना एकच राहते. पूर्व जर्मनीतल्या लुसातिया भागात सोर्ब हे लहानसे स्लाव्ह लोक राहतात. तेथल्या नोवाकचे जर्मन तोंडी ‘नोआक’ झाले, आणि मधला ‘व’ गळाल्यामुळे अनेकांना ते आपल्या यादीतले वाटतच नाही. सर्बियात ‘-ओविच’ लागून ‘नोवाकोविच’ म्हणजे नोवाकचा वंशज असे आडनाव होते. इतिहासकार आणि सर्बियाचे पंतप्रधान राहिलेले स्तोयान नोवाकोविच (१८४२–१९१५) हे त्याचे ठळक उदाहरण.

माणसांच्या भागात पहिला प्रश्न असा विचारावा की हे नाव येथे पाळण्यातले आहे की आडनाव आहे. जोकोविचचे ते पाळण्यातले नाव आहे. हंगेरीच्या माजी राष्ट्राध्यक्ष कातालिन नोवाक यांचे ते आडनाव आहे, आणि हंगेरियन पद्धतीत आडनाव आधी लिहीत असल्याने तिकडच्या मजकुरात ते पुढे येते. चित्रपट अभिनेत्री किम नोवाक अमेरिकेत शिकागो येथे जन्मली. तिचे आडनाव चेक वंशातून आलेले.

संख्या पाहून भुलू नये. पोलंडमध्ये सुमारे २ लाख लोकांचे हे आडनाव आहे आणि जवळपास २० लाख वस्तीच्या स्लोव्हेनियात ते सुमारे ११ हजार लोकांचे आहे. स्लोव्हेनियाचे सांख्यिकी कार्यालय आणि पोलंडचे सरकार असे आकडे स्वतःच प्रसिद्ध करतात, म्हणून ते तेथूनच घ्यावेत. मात्र जे नाव शेकडो गावांत शेकडो वेळा वेगवेगळ्या माणसांना पडले, त्याच्या प्रसारावरून कोणत्याही एका मूळ घराण्याचा पत्ता लागत नाही. ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राज्यात, ज्यात चेक आणि स्लोव्हेन मुलूखही होते, सम्राट जोसेफ दुसरा याच्या काळात, १७८०च्या दशकात, वंशपरंपरागत आडनाव कायम करण्याचे हुकूम निघाले. त्याआधी घर किंवा शेत बदलले की नावही बदलू शकत असे. म्हणून एखाद्या घराण्याचा माग काढायचा असेल तर गाव ठरवून त्या गावच्या चर्चच्या जन्म, विवाह आणि मृत्यूच्या नोंदवह्याच वाचाव्या लागतात. चेक प्रादेशिक अभिलेखागारांनी अशा बहुतेक वह्यांची छायाचित्रे महाजालावर विनामूल्य ठेवली आहेत.

गावांकडे वळताना मराठी माणसाने आपली एक सवय बाजूला ठेवली पाहिजे. आपल्याकडे गावावरून आडनाव होते आणि त्याला ‘-कर’ लागतो, त्यामुळे गाव आधी आणि माणूस नंतर हा क्रम आपण गृहीत धरतो. स्लाव्ह आणि रोमानियन मुलखात पुष्कळदा उलटे घडते. नोवाक नावाचा माणूस किंवा नवख्यांची टोळी आधी वसते आणि ‘नोवाक लोक’ या अर्थाचे अनेकवचन गावाला मिळते. सर्बियातले आणि उत्तर मॅसेडोनियातले ‘नोवात्सी’ याच घडणीचे आहेत. स्लोव्हेनियात त्सेर्कनो गावाजवळ वरचे आणि खालचे अशी दोन ‘नोवाकी’ गावे आहेत. त्यांतल्या खालच्या नोवाकीच्या अरुंद घळीत दुसऱ्या महायुद्धात, डिसेंबर १९४३पासून, फ्रान्या नावाचे गुप्त रुग्णालय जखमी बंडखोर सैनिकांसाठी चालवले जात होते. अशा गावाची नोंद करताना गावाचे नाव शोधणारे दहा लोक खरे तर रुग्णालय शोधत असतात, हे ध्यानात ठेवावे.

रोमानियातले ‘नोवाच’ मात्र सावकाश पाहण्यासारखे आहे. ओल्तेनिया प्रांतातल्या गोर्ज जिल्ह्यात, पारुंग पर्वताच्या पायथ्याशी, गिलोर्त नदीच्या काठी हे शहर वसले आहे, आणि दोन हजार मीटरांहून उंच चढणारा ट्रान्सअल्पिना हा घाटरस्ता येथूनच वर निघतो. या शहराचे दोन जुने भाग आहेत: एकाला ‘नोवाच-रोमानियन’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘नोवाच-परके’. हे परके म्हणजे अठराव्या शतकात पर्वतापलीकडच्या ट्रान्सिल्वेनियातून, सिबिऊ शहराच्या परिसरातून, मेंढरे घेऊन उतरलेले धनगर. त्यांची भाषा रोमानियनच, धर्मही तोच, तरी ते दुसऱ्या राज्यातून आले म्हणून परके ठरले. आजही मे महिन्यात मेंढरे डोंगरावर चढवण्याचा उत्सव येथे होतो. ‘नवखे’ असा मूळ अर्थ असलेल्या गावात पुन्हा एक नवख्यांची वाडी व्हावी, हे पाहून जोडणीचा मोह अनावर होतो. पण शहराचे नाव एका काळचे आणि ‘परके’ हा शब्द दुसऱ्या काळचा आहे. वहीत दोन्ही नोंदी शेजारी ठेवाव्यात, रेघ ओढू नये.

आता लोककथांची वही उघडावी, आणि तिच्या पहिल्याच पानावर इतिहासातला माणूस लिहून ठेवावा. रोमानियन ज्याला बाबा नोवाक आणि सर्ब ज्याला स्तारिना नोवाक, म्हणजे म्हातारा नोवाक, म्हणतात तो सर्ब हायदूक होता. हायदूक म्हणजे डोंगरात राहून तुर्की सत्तेशी लढणारे आणि वाटसरूंना लुटणारेही पुंड. उतारवयात तो वालाखियाचा, म्हणजे आजच्या दक्षिण रोमानियातल्या राज्याचा, राजा मिहाई शूर याच्या सैन्यात सरदार झाला. ५ फेब्रुवारी १६०१ रोजी ट्रान्सिल्वेनियातल्या क्लुज शहरात त्याला जिवंत जाळण्यात आले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिहाईचाही खून झाला. क्लुजमध्ये शिंप्यांच्या बुरुजाजवळ आज त्याचा पुतळा उभा आहे.

हा ठोकताळा हाताशी ठेवून गाणी वाचावीत. सर्बियन गाण्यांत नोवाक आपला भाऊ रादिवोये आणि मुलगा ग्रुयित्सा यांच्यासह रोमानिया नावाच्या डोंगरावर राहतो. येथे थांबून नकाशा पाहावा: हा डोंगर बोस्नियात सारायेवोच्या पूर्वेला आहे, रोमानिया देशाशी त्याचा काही संबंध नाही, पण देवनागरीत दोन्ही नावे एकसारखीच उतरतात. तू पुंड का झालास, असे एकजण विचारतो तेव्हा नोवाक सांगतो की राणी येरिना स्मेदेरेवोचा किल्ला बांधत होती, तेव्हा आपल्याला वेठीला धरले गेले. आपल्याच गाडीने, आपल्याच बैलांनी तीन वर्षे लाकूड आणि दगड ओढले, आणि त्याबदल्यात पैसा तर नाहीच, पायात घालायला वहाणसुद्धा मिळाली नाही. पुढे राणीने बुरुजांना सोने मढवायला काढले आणि घराघरावर सोन्यात भरायची करपट्टी बसवली. ती भरता येईना, तेव्हा ज्या कुदळीने वेठ केली तीच कुदळ उचलून आपण डोंगर गाठला.

तारखा ताडून पाहिल्या तर हे जुळत नाही. डॅन्यूबकाठचा तो किल्ला १४२८मध्ये बांधायला घेतला, म्हणजे क्लुजमध्ये जाळलेल्या नोवाकच्या जन्माच्या कितीतरी आधी. अशा वेळी गाणे खोटे म्हणून फेकून देणारे अभ्यासक मला पटत नाहीत. गाण्याने माणूस आणि किल्ला यांची सांगड चुकीची घातली, पण बिनमोबदल्याच्या वेठीची आठवण दीडदोन शतके जपून ठेवली आणि ती लोकांच्या लाडक्या पुंडाच्या तोंडी दिली. नोंद करताना दोन रकाने करावेत: ‘घडले काय’ यात किल्ल्याचे आणि माणसाचे सनावार, आणि ‘आठवले काय’ यात वेठ, वहाण आणि कुदळ.

रोमानियन गाण्यांत मुलगा ग्रुया होतो आणि पुष्कळदा बापापेक्षा तोच पुढे येतो. तो त्सारिग्राद म्हणजे इस्तंबूलला जाऊन दारूच्या नशेत सुलतानाच्या तावडीत सापडतो आणि म्हातारा नोवाक त्याला सोडवून आणतो. दोन भाषांत तीच जोडी, तेच नाते आणि जुळणारी नावे सापडतात, तेव्हा मात्र रेघ ओढायला हरकत नाही.

याच्या उलट उदाहरण म्हणजे ‘ब्राझ्दा लुई नोवाक’, नोवाकचे तास, म्हणजे नांगराने पाडलेला चर. डॅन्यूबपासून दक्षिण रोमानियातल्या क्रायोवा शहरावरून पूर्वेकडे सुमारे ३०० किलोमीटर गेलेला हा मातीचा प्राचीन बांध आणि खंदक आहे, आणि क्रायोवातल्या एका वस्तीचे नावही त्यावरूनच आहे. नोवाक नावाच्या महाकाय पुरुषाने एका नांगराने हे तास ओढले, असे लोक सांगतात. अनेक अभ्यासक हा बांध चौथ्या शतकातला, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातला मानतात. म्हणजे बाबा नोवाकच्या हजाराहून अधिक वर्षे आधीचा. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना आपण पांडवलेणी म्हणतो, तसेच हे आहे: बांधणारे विसरले गेले की लोक ते काम आपल्या ओळखीच्या बलदंड नावावर चढवतात. म्हणून बांधाची नोंद बाबा नोवाकच्या चरित्रात घालू नये, ती लोककथेच्या वहीतच ठेवावी.

शेवटी ‘बाबा’ या उपपदाकडे पाहावे. तुर्कीत बाबा म्हणजे बाप किंवा वडीलधारा, आणि सर्बियनमध्ये तोच शब्द आजीसाठी आहे. रोमानियनमध्ये त्याच्या जवळचे रूप म्हातारीसाठी वापरतात, आणि तुर्कांनी कैदेत दात पाडल्यामुळे नोवाकचे तोंड म्हातारीसारखे बोळके झाले, अशी कथाही सांगतात. सर्बियन ‘स्तारिना’ मात्र सरळ वयोवृद्ध पुरुषाकडे बोट दाखवते. यांतले एकच निवडून बाकीचे खोडू नये. तिन्ही अर्थ एकाखाली एक लिहावेत आणि प्रत्येकाशेजारी तो कोणत्या भाषेच्या तोंडून ऐकला, ते न चुकता नोंदवावे.