‘समजलं ना?’ या प्रश्नावर विसंबू नका

मास मीडियाची पदवी घेतली तेव्हा संज्ञापन (कम्युनिकेशन) म्हणजे काय हे मी झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. प्रेषक (सांगणारा), संदेश, माध्यम, प्रापक (ऐकणारा), प्रत्याभरण (ऐकणाऱ्याकडून परत येणारा प्रतिसाद). अमेरिकी अभ्यासक लासवेलचं १९४८चं सूत्र: कोण, काय, कोणत्या मार्गाने, कुणाला सांगतो आणि परिणाम काय होतो. त्याच वर्षी आलेला गणितज्ञ शॅननचा निबंध आणि त्यातला ‘गोंगाट’, म्हणजे संदेशाला वाटेत येणारा अडथळा. रुग्णालयाच्या काउंटरवर नव्याने रुजू होणारे तुम्हीही हे शिकूनच येता, म्हणून आकृत्या पुन्हा काढत बसत नाही. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी जिथे चुकले, तेवढंच नीट सांगते.

परळ भागातल्या एका रुग्णालयात मी ओपीडीच्या काउंटरवर होते. सकाळचे दहा, रांग जिन्यापर्यंत गेलेली. कसाऱ्याकडच्या एका मावशींना डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी लिहून दिली होती. केसपेपरवर तारीख टाकत मी म्हणाले, ‘मावशी, गुरुवारी सकाळी नऊला या. उपास करून या, काही खायचं नाही.’ शेवटचे शब्द तोंडातून निघतात न निघतात तोच मागच्या स्पीकरवर पुढचा नंबर पुकारला गेला. मी विचारलं, ‘समजलं ना?’ त्या म्हणाल्या, ‘हो हो.’

गुरुवारी त्या नऊच्या आधीच हजर. पहाटेची लोकल पकडून, दादरला उतरून, तिथून चालत. सोबत लेक, तिचा त्या दिवसाचा खाडा. आत विचारलं, काही खाल्लंय का? मावशी म्हणाल्या, ‘उपास आहे ना. वाटीभर साबुदाण्याची खिचडी आणि चहा, बस.’

खाल्लं की पित्ताशय आकसतं, मग आतलं नीट दिसत नाही. वर पोटात गॅस. तपासणी पुढच्या तारखेवर गेली. लेक मला एका शब्दाने बोलली नाही. तिने केसपेपरची घडी घातली, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली, पिशवीला गाठ मारली आणि आईचा हात धरून जिना उतरू लागली. ती गाठ मला अजून दिसते.

आता चूक कुठे झाली ते बघा. ‘उपास’ हा शब्द मी ‘पोट रिकामं’ या अर्थाने वापरला. त्यांच्या घरी, आणि खरं तर माझ्याही घरी, उपासाला खिचडी, वरी, शेंगदाणे, रताळी सगळं चालतं. संज्ञापनाचा अभ्यासक श्राम याने १९५४मध्ये अनुभवक्षेत्राची कल्पना मांडली. बोलणाऱ्याचं आणि ऐकणाऱ्याचं अनुभवाचं वर्तुळ जिथे एकमेकांवर येतं, तिथेच अर्थ पोचतो. परीक्षेत यावर मी दीड पान लिहिलं होतं. काउंटरवर बसल्यावर ‘उपाशीपोटी’ आणि ‘उपास’ यांतला फरक माझ्या ध्यानात आला नाही.

स्पीकरचा आवाज हा गोंगाट, तो सगळ्यांना लगेच कळतो. खरा सापळा त्याच्या पुढचा आहे: ‘समजलं ना?’ यावर माणूस ‘हो’च म्हणतो. मागे रांग खोळंबलेली असते. काचेपलीकडच्या माणसाचा धाक असतो. ‘नाही समजलं’ म्हणायची लाज वाटते. ही कारणं तुम्ही पुस्तकात वाचली असतील. पण मावशींचं यातलं काहीच नव्हतं. त्यांच्या लेखी त्यांना समजलंच होतं. त्या खोटं बोलल्या नाहीत, घाबरल्याही नाहीत. ज्याला चुकीचं समजलंय, त्याला ते चुकीचं आहे हे ठाऊक नसतं, म्हणून तो मनापासून ‘हो’ म्हणतो. त्या ‘हो’ला प्रत्याभरण धरलंत की संपलं. दहा वेळा विचाराल, दहा वेळा ‘हो’ मिळेल.

यातून मला बाहेर काढलं आमच्या ओपीडीतल्या एका जुन्या सिस्टरनी. मॉडेल वगैरे त्यांच्या गावी नव्हतं. त्या पेशंटला विचारायच्या, ‘गुरुवारी सकाळी उठल्यापासून इथे पोचेपर्यंत काय काय करणार, मला सांगा बरं.’ आणि मग गप्प राहायच्या. पेशंट बोलू लागतो: ‘उठणार, अंघोळ करणार, चहा घेऊन निघणार…’ चहा! तिथेच सापडलं. वैद्यकीय शिक्षणात याला टीच-बॅक म्हणतात. वेळ लागतो अर्धा मिनिट. मात्र परीक्षा घेतल्यासारखं विचारू नका, माणूस बुजतो. ‘माझ्याकडून काही सांगायचं राहिलं का ते बघते’ असं म्हणा, म्हणजे भार आपल्यावर राहतो.

माझं ठाम मत सांगते: गुरू करायचा तर अशा सिस्टरला करा, जिने वर्षानुवर्षं माणसांच्या तोंडाकडे बघत काम केलंय. शनिवार-रविवारच्या ‘कम्युनिकेशन स्किल्स’च्या क्लासला पैसे भरू नका. मी भरले. तिथे पहिल्या तासाला सांगितलं की संवाद त्र्याण्णव टक्के देहबोली आणि आवाजातून होतो, शब्द फक्त सात टक्के. हे आकडे मानसशास्त्रज्ञ मेहराबियनच्या १९६७च्या प्रयोगांतून उचललेले आहेत. तिथे प्रश्न एवढाच होता की शब्द, आवाज आणि चेहरा एकमेकांशी जुळत नसतील, तर समोरच्याच्या भावनेबद्दल माणूस कशावर विश्वास ठेवतो. सरसकट सगळ्या संवादाला ते लागू नाही. माझं हसू गोड होतं, मान तिरकी होती, आवाज मऊ होता. चुकला तो एक शब्द.

कुणाला वाटेल, खिचडीच्या वाटीचा एवढा काय बाऊ. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. एका विमानातून आलेलं ‘टेक-ऑफ’विषयीचं मोघम वाक्य, त्यावर नियंत्रकाचं ‘ओके’, आणि ‘थांबा, मी कळवतो’ हे पुढचे शब्द दुसऱ्या विमानाच्या बोलण्याशी एकाच वेळी आदळून चिरक्या आवाजात बुडालेले. त्यानंतर बोलण्याचे नियम घट्ट झाले. ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, आणि परवानगी नुसतं ‘ओके’ म्हणून न स्वीकारता पुन्हा उच्चारून दाखवायची. आमच्या सिस्टर तेच करत होत्या.

आणखी दोन शब्द जपून वापरा. ‘आठ दिवसांनी या’ म्हटलं की आपल्या मनात पुढच्या आठवड्याचा तोच वार असतो. बोटांवर मोजणारा माणूस एक दिवस उशिरा येतो आणि त्या दिवशी ती ओपीडीच नसते. वार आणि तारीख दोन्ही सांगा. आणि ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय’ हे कधीही नुसतं म्हणू नका. मी एका बापाला ते ऐकून हसताना पाहिलंय.

मराठी माध्यमातून आला असाल आणि इंग्रजीच्या भीतीने गळून गेला असाल, तर ती भीती सोडा. या कामात माझं कधी इंग्रजीवाचून अडलं नाही. साधी मराठी, कामापुरती हिंदी आणि ऐकायची सवय असली की पुरतं. पहिले दोन-तीन महिने चुका होतील, रात्री झोप लागणार नाही. माझीही उडाली होती. ती हळूहळू येते.

मावशी पुढच्या तारखेला आल्या, उपाशीपोटी. त्यांचा नंबर लागायला वेळ होता, म्हणून त्या बाकावर बसल्या. शेजारी पहिल्यांदाच आलेली एक बाई हातातला केसपेपर उलटसुलट करून बघत होती. मी काउंटरवरून उठणार, तेवढ्यात मावशींनी तिला विचारलं, ‘तुला काय सांगितलंय गं? सांग बघू. चहासुद्धा नाही हं घ्यायचा.’