लायपो करून घरी यायच्या आधी घरात काय काय करून ठेवायचं

धाकट्या जावेचं लायपोसक्शन, म्हणजे चरबी ओढून काढायचं ऑपरेशन ठरलंय, दिवाळीनंतर, पुण्यात, पोट आणि कंबर. माझं दोन वर्षांपूर्वी झालंय आणि ते घरात ज्या दोघांना माहीत आहे त्यातली एक ती, म्हणून काल रात्री फोन करून विचारायली, "ताई, काय काय तयारी करू?" मी तासभर बडबडले, तिनं त्यातलं किती लिहून घेतलं देव जाणे. म्हणून हे टाइप करून ठेवते, अजून कुणाला उपयोगी पडलं तर पडू दे.

हे बघ, ऑपरेशनची तयारी हॉस्पिटलवाले करून घेतातच, रक्त तपासा, ईसीजी काढा, उपाशीपोटी या. घरी आल्यावरच्या पहिल्या तीन-चार रात्रींचं मात्र कुणी बोलत नाही आणि माझी सगळी फजिती तिथंच झाली.

तारीख तू चांगली घेतलीस. मी शहाणी, मार्चच्या शेवटी केलं, आणि मग एप्रिल-मे सोलापूरच्या बेचाळीस डिग्रीत अंगाला चिकटून बसलेला तो बेल्ट, ऑपरेशननंतर सूज दाबायला पोटा-कमरेवर घालतात तो घट्ट पट्टा, आंघोळ सोडली तर चोवीस तास, घामोळं इतकं आलं की टाक्यांपेक्षा तेच जास्त छळलं. तुझे बेल्टचे चार ते सहा आठवडे थंडीत निघतील. संक्रांतीला गड्ड्यात, आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, हिंडशील पण, गर्दीत धक्के खायला तेवढी जाऊ नको. आणि नवीन साडीत पोट सपाट दिसेल असं आत्तापासून मनात धरू नको, सूज पूर्ण उतरून खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने जातात.

दोन आठवडे आधीपासून गोळ्यांचं बघायचं. घरात जे काही खातेस त्याची एक चिठ्ठी कर आणि डॉक्टरांना दाखव, काहीही लपवायचं नाही. डिस्प्रिन, कॉम्बिफ्लॅम, ब्रुफेन, व्हिटॅमिन ई, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, लसणाच्या गोळ्या, कुणी दिलेला काढा, यातल्या बऱ्याच गोष्टींनी रक्त लवकर थांबत नाही आणि काळंनिळं जास्त होतं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही सांग, त्यानं रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो. काय बंद करायचं, कधी करायचं, हे तेच सांगतील, आपल्या मनानं बीपीची गोळी बंद करून बसू नको. आणि मिश्री. हो, मला माहीत आहे तू लावतेस, आत्याबाईंना माहीत नसलं तरी. तंबाखू ती तंबाखूच, निकोटिननं जखमेला रक्त कमी पोचतं, किमान महिनाभर आधी सोड आणि नंतरही महिनाभर हात लावू नको.

आता टॉवेल. हसू नको, माझ्या यादीत हे सगळ्यात वर आहे. चरबी काढायच्या आधी आत भरपूर सलाइन सोडतात, त्यात भूल आणि रक्तवाहिन्या आवळायचं औषध असतं. डॉ. जेफ्री क्लाइन म्हणून एक अमेरिकन स्किनचे डॉक्टर आहेत, त्यांनी 1980 च्या दशकात ही पद्धत काढली, त्याआधी या ऑपरेशनात रक्त फार जायचं. तर ते आत सोडलेलं सगळं पाणी काही बाहेर ओढून निघत नाही, उरलेलं त्या बारक्या छिद्रांतून एक-दोन दिवस झिरपत राहतं, कधी तीन. गुलाबी, लालसर. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, रात्री दोनला उठले तर गादी ओली, नाइटी ओली, आणि मी ह्यांना हलवून हलवून उठवतेय की अहो रक्त चाललंय. ते रक्त नव्हतं, रक्ताचा रंग लागलेलं पाणी होतं, पण रात्री दोन वाजता हे कुणाला सुचतं! (पॅड तासाभरात गच्च लालभडक होत असेल तर ते मात्र वेगळं, तेव्हा लगेच फोन.) म्हणून गादीवर आधी प्लास्टिक, लहान बाळाखाली घालतो तसलं मोठं, त्यावर जुने गडद रंगाचे टॉवेल, आठ-दहा तरी. टर्किश टॉवेलच्या गावात राहून टॉवेल कमी पडले तर आपल्याला लाज वाटायला पाहिजे. चादर मात्र आपली सोलापुरी नको, जड होते आणि धुवायला काढली की ओली उचलवत नाही, साधी सुती घे. मॅटर्निटी पॅडची दोन पाकिटं पण आणून ठेव, बेल्टच्या आत छिद्रांवर ठेवायला बरी पडतात.

भुलीचं अजून एक. तिचा असर बराच वेळ टिकतो, त्यामुळं पहिल्या दिवशी वाटतं की अरे काहीच नाही, उगाच घाबरलो. मी तर पुण्यातल्या नणंदेला फोन करून सांगितलं पण, एकदम मस्त आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी कुशीवर वळता येईना. गोळ्या दुखायची वाट न बघता डॉक्टरांनी दिलेल्या वेळेवर घ्यायच्या, मोबाइलला अलार्म लावून ठेव.

बेल्ट दोन घे, एक धुवायला एक अंगावर. दुकानात मावत असला तरी एक साइज लहान घेऊ नको, लवकर बारीक होत नाही त्यानं, उलट वळ उठतात आणि जिथं घडी पडते तिथं खड्डा राहू शकतो. समोरून हुक किंवा चेन असलेला आणि खाली बाथरूमसाठी उघडा असलेला बघ. आणि पहिल्यांदा बेल्ट काढून आंघोळ करशील तेव्हा बाथरूमची कडी लावायची नाही, आत प्लास्टिकचं स्टूल ठेवायचं, भावजींना दारात उभं करायचं. बेल्ट सुटला की बीपी एकदम खाली येतं, डोळ्यापुढं अंधारी येते, मी भिंत धरून खाली बसले होते. आधी काहीतरी खा, पाणी पी, बेल्ट बसूनच हळूहळू सोड, गरम कढत पाणी नको.

पाण्याचं तर तुला सांगायलाच नको, आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं आणि तेही अवेळी. परत यायच्या दिवशी टाकी, पिंप, कळशा सगळं भरलेलं पाहिजे आणि पुढच्या पाण्याच्या दिवशी मोटार लावायला, बादल्या उचलायला माणूस ठरलेला पाहिजे. तू दोन-तीन आठवडे बादली उचलायची नाहीस, लेकराला पण नाही, त्याला तू बसल्यावर मांडीजवळ घ्यायचं. तुमच्याकडं भारतीय संडास आहे ना, उकिडवं बसवणार नाही, कमोडची खुर्ची भाड्यानं मिळते ती आणून ठेवा.

ओट्याखालच्या डब्यात जे जे असतं ते वर काढून ठेव, वाकणं हाच मोठा ताप आहे. खाण्याचं म्हणशील तर पापड, लोणचं, शेंगाचटणी थोडे दिवस बाजूला, मीठ जास्त झालं की सूज हटत नाही. चटणीवर जीव असला तर माझ्याकडून बिनमिठाची कुटून घेऊन जा, चव नाही पण समाधान आहे. डाळ, मटकीची उसळ, अंडी, चिकन खाल्लंस तर जखम भरायला बरं. दुखण्याच्या काही गोळ्यांनी पोट साफ होत नाही आणि त्या बेल्टमध्ये कुंथणं म्हणजे शिक्षा, इसबगोल आधीच आणून ठेव.

त्याच दिवशी परत यायचा हट्ट करू नको, भावजींना सुट्टी नसली तरी. दोन-तीन रात्री नणंदेकडं राहा, डॉक्टरांनी एकदा बघितलं, हो म्हणाले, की मग निघ. पाच लिटरच्या वर काढणार असतील तर पहिली रात्र हॉस्पिटलातच काढायची, हे आधी विचारून घे. येताना कारपेक्षा ट्रेन बरी, वंदे भारत घे नाहीतर हुतात्मा, तासाला उठून डब्यात चार फेऱ्या मारता येतात. कारमध्ये अडीचशे किलोमीटर पाय मुडपून बसलं की पिंढरीत गुठळी व्हायची भीती असते. घरी पण झोपून राहायचं नाही, पहिल्या दिवसापासून थोडं थोडं चालायचं, हॉल ते गॅलरी का होईना. स्कूटी दोन आठवडे तरी नको, आपल्या रस्त्यांवर तर नकोच.

आता लोकांचं. खरं सांगायचं तर सोलापुरात पण प्लास्टिक सर्जन आहेत, आपण पुण्याला जातो ते निम्मं तरी कुणाला कळू नये म्हणून. मी सगळ्यांना हर्नियाचं सांगितलं होतं आणि त्याचा परिणाम असा की शहाळी घेऊन माणसांची रांग लागली, एक मामी तीन तास बसल्या आणि त्यांच्या दिराच्या हर्नियाची जाळी कशी सरकली ते ऐकवून गेल्या. तू काय सांगायचं ते तू ठरव, पण रात्री जो माणूस तुझ्याजवळ झोपणार त्याला खरं माहीत पाहिजे. धाप लागली, छातीत दुखलं, असंबद्ध बोलायला लागली, एकाच पायाची पिंढरी सुजून दुखायली, 101 च्या वर ताप आला, जखमेतून पू किंवा घाण वास आला, पोट गोळ्यांनी पण थांबेना असं दुखायलं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. धाप आणि छातीचं असलं तर पुण्याला फोन नंतर, आधी सोलापुरातलंच जवळचं मोठं हॉस्पिटल. डिस्चार्ज कार्डचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये पाहिजे, तुझ्या नाही, तुझ्या मोबाइलला लॉक आहे.

आत्याबाई प्रेमानं मालीशवाल्या मावशींना बोलावतील, नाहीतर गरम पिशवीनं शेकू म्हणतील. दोन्हीला नाही म्हण. पोटाची कातडी कित्येक आठवडे बधिर असते, शेक किती गरम आहे ते कळतच नाही आणि भाजून फोड येतात. बर्फ थेट लावला तरी तेच. सूज उतरायला एक हलकी मालीश असते, पण ती डॉक्टर सांगतील तेव्हा, ती शिकलेल्या माणसाकडून. जखमेवर हळद पण नको.

पैशाचं पटकन सांगते, मेडिक्लेम यात मिळत नाही, हे हौसेचं ऑपरेशन धरतात, वर 18 टक्के जीएसटी, तर पॅकेज सांगतात तेव्हा टॅक्स, बेल्ट, औषधं, नंतरच्या चकरा धरून का, ते लिहून घे.

आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आरशात बघून रडू येईल. पोट आधीपेक्षा मोठं दिसतं, हिरवं-जांभळं, खाली मांडीपर्यंत उतरलेलं, आणि वजन केलं तर ते पण वाढलेलं, सगळं आतल्या पाण्याचं. मी त्या आठवड्यात रोज दोनदा काट्यावर उभी राहायचे आणि ह्यांच्यावर चिडायचे. तसंही हे वजन कमी करायचं ऑपरेशन नाही, डॉक्टरांनी तुला सांगितलंच असेल. तुझा तो काचेचा काटा निघायच्या आदल्या दिवशी माझ्याकडं आणून ठेव, सहा आठवड्यांनी परत घेऊन जा.