फ्राइड चिकनची स्किन काढल्यावर नक्की काय उरतं, आणि ते कसं मोजायचं

डाएट करणारी, जिमला जाणारी मंडळी हमखास विचारतात की केएफसीचं चिकन स्किन काढून खाल्लं तर चालतं का आणि ॲपमध्ये ते काय म्हणून टाकायचं. चालतं, आणि फरक चांगला मोठा पडतो. ब्रेस्टच्या पीसचं फॅट साधारण पाचव्या हिश्शावर येतं, कॅलरी निम्म्याच्या खाली जातात. पण मीठ त्या प्रमाणात उतरत नाही, त्यातलं बरंचसं मांसात मुरलेलं असतं, आणि त्याच्याकडे कुणी बघतच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आकडे सगळे अमेरिकेतल्या केएफसीच्या 'ओरिजिनल रेसिपी' या मूळ प्रकारच्या चिकनचे घेतोय कारण त्याच्याबद्दल सगळ्यात नीट माहिती आहे.

आधी आकडे कुठून घ्यायचे ते. चेनच्या चार्टमध्ये जो आकडा असतो तो अख्ख्या पीसचा, म्हणजे स्किन आणि कोटिंगसकट (वरचा पिठाचा थर). एका ओरिजिनल रेसिपी ब्रेस्टला ३९० कॅलरी, २१ ग्रॅम फॅट, ३९ ग्रॅम प्रोटीन, ११ ग्रॅम कार्ब्स आणि सोडियम ११९० मिलीग्रॅमच्या आसपास. स्किन काढून खाल्लीत तर हा आकडा तुमच्या कामाचा नाही. त्यासाठी अमेरिकेच्या कृषी खात्याचा, म्हणजे यूएसडीएचा डेटाबेस बघायचा, त्यात फास्ट फूडच्या फ्राइड चिकनच्या पीसप्रमाणे वेगळ्या नोंदी आहेत आणि प्रत्येक पीसची एक नोंद स्किनसकट आणि एक स्किन-कोटिंग काढून फक्त मांसाची. कॅलरी मोजायच्या बहुतेक ॲपमध्ये याच नोंदी सापडतात, फक्त 'मीट ओन्ली' असं लिहिलेली निवडायची. नुसतं 'फ्राइड चिकन' टाकून जे पहिलं येईल ते घेऊ नका, ते कुणीतरी अंदाजाने भरलेलं असू शकतं.

ढोबळ हिशोब लक्षात ठेवायचा असेल तर असा ठेवा. ब्रेस्टचं नुसतं मांस १०० ग्रॅम म्हणजे १५० कॅलरी, २८ ग्रॅम प्रोटीन, ४ ग्रॅम फॅट, कार्ब्स जवळजवळ शून्य. तेच स्किनसकट १०० ग्रॅम घेतलं तर २३० च्या आसपास कॅलरी आणि १३ ग्रॅम फॅट. थायचं (मांडीचं) मांस मुळातच जास्त फॅटवालं, स्किन काढूनही १०० ग्रॅमला १८० कॅलरी आणि ९-१० ग्रॅम फॅट धरा. ड्रमस्टिक या दोघांच्या मधे.

आता हे फॅट स्किनमध्येच का बसतं? दोन कारणं. एक तर कोंबडीची स्किन स्वतःच चरबीची असते, तेल न लावता भाजलेल्या १०० ग्रॅम स्किनमध्येसुद्धा ४० ग्रॅम फॅट आणि ४५० कॅलरी असतात. दुसरं म्हणजे तळताना पाण्याची वाफ आतून बाहेर येत असते, त्यामुळे तेलाला आत शिरायला वाव मिळत नाही, ते कोटिंगमध्ये अडकतं, आणि पीस तेलातून बाहेर काढल्यावर गार होता होता वरचं तेल अजून कोटिंगमध्ये शोषलं जातं. म्हणजे आतलं मांस बऱ्यापैकी कोरडंच राहतं. म्हणूनच तर फ्राइड ब्रेस्टच्या आतल्या मांसाचे आकडे घरी भाजलेल्या स्किनलेस ब्रेस्टच्या (१०० ग्रॅमला १६५ कॅलरी, ३१ ग्रॅम प्रोटीन, ३.६ ग्रॅम फॅट) इतके जवळ येतात. अख्ख्या पीसमधलं थोडं प्रोटीन स्किन आणि कोटिंगबरोबर जातं हे खरं, पण बहुतेक प्रोटीन मांसातच असतं.

पीस घेताना ब्रेस्ट मागा, हे पहिलं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी फक्त ब्रेस्ट किंवा फक्त थाय असं सांगून घेता येतं, कधी थोडे पैसे जास्त लागतात. विंगच्या नादी लागू नका, तिच्यात मांसापेक्षा स्किन आणि हाडच जास्त, काढल्यावर हातात काहीच राहत नाही. जास्त कुरकुरीत 'एक्स्ट्रा क्रिस्पी' प्रकारापेक्षा ओरिजिनल बरी, कोटिंग पातळ असतं आणि निघतंही नीट.

आणि बोनलेस स्ट्रिप्स, नगेट्स, पॉपकॉर्न यांना हा सगळा प्रकार लागूच होत नाही, कारण त्यात स्किन नसतेच, पीठ सरळ मांसाला चिकटलेलं असतं आणि खरवडायला गेलात तरी निम्मं राहतं. 'स्किनलेस आहे म्हणजे हेल्दी' असं समजून लोक पॉपकॉर्न घेतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण एवढ्या छोट्या छोट्या तुकड्यांना मांसाच्या मानाने कोटिंगच सगळ्यात जास्त लागलेलं असतं.

स्किन काढायची ती चिकन गरम असतानाच, हाताला सोसेल इतकं. गार झालं की चरबी थिजते, कोटिंग मांसाला धरतं आणि मग तुकडे तुकडे निघतात. ब्रेस्टच्या जाड कडेला बोट घालून स्किनची कड उचला, एकदा ती सुटली की बहुतेक वेळा कोटिंगसकट एकच मोठा पापुद्रा निघून येतो, खाली पांढरं, ओलसर, धागेदार मांस दिसतं. ड्रमस्टिकला वरच्या जाड बाजूने सुरुवात करून खाली हाडाच्या टोकाकडे ओढायचं, मोजा काढतो तसं. थायच्या बाबतीत इथेच थांबू नका, स्किनखाली आणि मांसाच्या कडेने पिवळट चरबीच्या गाठी असतात त्या बोटाने काढून टाका. मग पेपर नॅपकिनने मांस टिपून घ्या, नॅपकिनवर जो तेलकट डाग उमटतो तेवढं तरी पोटात गेलं नाही. तळाला, जिथे हाड उघडं असतं, तिथे पिठाचे गोळे चिकटलेले असतात, तेही काढा.

मग हाड काढून नुसत्या मांसाचं वजन करा. किचनचा छोटा डिजिटल काटा पुरतो. ही पायरी बरेच लोक गाळतात आणि मग पीस केवढा मोठा दिसतो त्यावर अंदाज लावतात. मोठ्या दिसणाऱ्या ब्रेस्टचं सुद्धा मांस निघतं १००-१२० ग्रॅम. समजा ११० ग्रॅम निघालं, तर १.१ ने गुणा, १६५ कॅलरी, ३१ ग्रॅम प्रोटीन, साडेचार ग्रॅम फॅट झालं.

आता मीठ. हे चिकन तळण्याआधी मिठाच्या पाण्यात मुरवलेलं किंवा मॅरिनेट केलेलं असतं, त्याने ते रसदार राहतं, पण ते मीठ मांसात जातं आणि स्किन ओढून ते निघत नाही. घरी बिनमिठाच्या भाजलेल्या ब्रेस्टमध्ये १०० ग्रॅमला ७५ मिलीग्रॅम सोडियम असतं, फास्ट फूडच्या स्किन काढलेल्या मांसात ४०० च्या वर, म्हणजे पाच-सहा पट. ४०० मिलीग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २००० मिलीग्रॅमच्या खाली राहा म्हणते. एका पीसने काही बिघडत नाही, पण सोबत ग्रेव्हीवाले मॅश्ड पोटॅटो आणि एक बिस्किट घेतलं (ते आपलं चहाचं बिस्किट नव्हे, लोण्याचा मऊ पाव असतो) तर दोन्हींचं मिळून आणखी १००० च्या आसपास जातं. घरून आई-बाबा राहायला आलेत, बीपीची गोळी चालू आहे आणि तुम्ही 'स्किन काढलीय, खा बिनधास्त' म्हणताय, तर थांबा जरा. साइड म्हणून कणीस घ्या, ग्रेव्ही सोडा आणि त्या दिवशी लोणचं-पापड बंद.

कोलेस्टेरॉलही मांसात असतंच, १०० ग्रॅम ब्रेस्टला ८५ मिलीग्रॅमच्या आसपास, स्किन काढून ते फारसं कमी होत नाही, कमी होतं ते सॅच्युरेटेड फॅट. आणि ज्यांना सिलिॲक आहे, गहू अजिबात चालत नाही, त्यांनी स्किन काढूनसुद्धा हे खाऊ नये, गव्हाचं पीठ मांसाला लागलेलं असतंच.

एकच आकडा बघून खूश होऊ नका हे मी पुन्हा पुन्हा सांगतो त्याला कारण आहे. २००३ मध्ये केएफसीने अमेरिकेत जाहिरात केली होती की दोन ओरिजिनल रेसिपी ब्रेस्टमध्ये बर्गर किंगच्या व्हॉपर या बर्गरपेक्षा कमी फॅट असतं. फॅटचा आकडा खरा होता, पण २००४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने (फसव्या जाहिरातींवर कारवाई करणारी सरकारी संस्था) दाखवून दिलं की ट्रान्स फॅट आणि कोलेस्टेरॉल तिपटीहून जास्त, सोडियम दुपटीहून जास्त आणि कॅलरीही जास्त होत्या. कंपनीला तशा जाहिराती बंद कराव्या लागल्या. ट्रान्स फॅटवालं तेल त्यांनी अमेरिकेत २००७ पर्यंत बदललं, त्यामुळे ती काळजी आता राहिली नाही, बाकीचं गणित तेच आहे.

भारतात खाणार असाल तर चेनचा तिथला चार्ट बघा, अमेरिकेचे आकडे चिकटवू नका, पीसचा आकार आणि मसाला वेगळा असतो. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या चेनना मेनूवर कॅलरी लिहिणं एफएसएसएआयने, म्हणजे भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, सक्तीचं केलंय, पण तोही आकडा स्किन-कोटिंगसकटचाच असतो.

उरलं तर दोन तासांच्या आत स्किन काढून, हाडं वेगळी करून मांस फ्रिजमध्ये टाका, तीन-चार दिवस राहतं. दुसऱ्या दिवशी पोळीत कांदा, काकडी, लिंबू घालून रोल करा किंवा दह्यात कालवा, फक्त वरून मीठ घालू नका, आत आहे तेवढं पुरतं.