खाचराच्या ओल्या कोपऱ्यात वेखंड लावताय?

इगतपुरी-त्र्यंबकेश्वर पट्ट्यात आता आवणीची घाई. जवळपास प्रत्येकाच्या खाचरात एखादा कोपरा असतोच, जिथलं पाणी दिवाळीपर्यंत हटत नाही आणि भातही धड पोसत नाही. तो वेखंडाला द्या. येवला-सिन्नरच्या कोरड्या भागात बोअरच्या जिवावर मात्र याच्या नादी लागू नका. वेखंडाला पाय कायम ओले लागतात.

बेणं म्हणजे कोंब असलेले कंदाचे बोटभर तुकडे. चिखलणी करून फूट-फूट अंतरावर, दीड-दोन इंच खोल दाबा. गुंठ्याला साधारण ११०० तुकडे लागतात. घेण्याआधी पान चुरगळून हुंगा. वेखंडाचा उग्र, गोडसर वास लपत नाही. पानाची मुख्य शीर थोडी एका बाजूला असते आणि एका कडेला बारीक चुण्या दिसतात. आयरिस या शोभेच्या फुलझाडाचं पानही असंच तलवारीसारखं, पण त्याला हा वास नाही आणि त्याचा कंद विषारी.

खालची पानं पिवळी पडून सुकू लागली की काढणी. कंद धुवा, तुकडे करा, सावलीत वाळवा, मग गोणपाटावर घासा म्हणजे केसाळ मुळं झडतात. सांडपाण्याच्या नाल्यातला कंद औषधाला देऊ नका. हे झाड पाण्यातले जड धातू ओढून घेतं. आणि व्यापारी आधी गाठा, लागवड नंतर.

आता जरा नाजूक विषय. आमच्या घरीही बाळगुटीच्या सहाणेवर वेखंडाचे दोन वळसे ठरलेले. पण कोणता कंद, किती उग्र, वळसा किती दाबून, याला माप कुठलं? वेखंडातल्या बीटा-असारोन या द्रव्यामुळे प्रयोगात उंदरांना आतड्याच्या गाठी झाल्या. अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. आपल्याकडच्या जातीत हे द्रव्य जास्त असतं. जास्त पोटात गेलं तर उलट्यांनी माणूस हैराण होतो. म्हणून तान्ह्या बाळाला चाटवू नका, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने घेऊ नये. न्हाऊ घातल्यावर पूड लावायचीच असेल तर बाळाच्या नाकातोंडाजवळ उधळू देऊ नका. वैद्यांनी दिलं तर त्यांच्या मापानेच.

हाच बीटा-असारोन साठवणीतल्या किडीची वीण रोखतो, म्हणून हरभरा-तुरीच्या बियाण्यात वेखंडाची पूड चांगली. फक्त बियाण्यात, खायच्या धान्यात नको. कोठीवर खडूने ठळक लिहा: ‘बी आहे, दळायचं नाही.’