मस्टँग जीटी की कमॅरो एसएस: सेकंडहँड घेताना तुलना नेमकी कशाची करायची

अमेरिकेत काही वर्षं कोरोला नाहीतर सिव्हिक इमानेइतबारे चालवून झाली, क्रेडिट स्कोअर वर आला, की आपल्यातल्या कितीतरी जणांना व्ही-एटची (आठ सिलिंडरच्या इंजिनची) खाज सुटते आणि मग शनिवार-रविवार एकच उद्योग, जुन्या मस्टँग जीटी आणि कमॅरो एसएसच्या जाहिराती चाळत बसायचं. हे भांडण आजचं नाही, फोर्डने एप्रिल १९६४ मध्ये मस्टँग आणली आणि शेव्हरलेने तिला उत्तर म्हणून १९६७ मॉडेलची कमॅरो काढली तेव्हापासून चालूय, त्यामुळे दोन्हीकडचे भक्त भरपूर भेटतील, दोघांचंही फार मनावर घेऊ नका. इथे मी २०१८ ते २०२३ ची मस्टँग जीटी आणि २०१६ ते २०२४ ची सहाव्या पिढीची कमॅरो एसएस धरतोय. कमॅरो २०२४ मॉडेलनंतर बंद झाली, म्हणजे ती आता जुनीच घ्यावी लागणार.

आकडे एकदा बघून घ्या आणि बाजूला ठेवा. मस्टँगचं ५.० लिटरचं कोयोटी इंजिन ४६० हॉर्सपॉवर आणि ४२० पाउंड-फूट टॉर्क देतं (२०२२ आणि २०२३ मध्ये पॉवर ४५० वर आली, जाहिरातवाला हे सांगणार नाही), कमॅरोचं ६.२ लिटरचं एलटी-वन ४५५ आणि ४५५. पाच हॉर्सपॉवरवरून रात्रभर वाद घालणारे लोक आहेत, घालू देत. खरा फरक पॉवर कुठे मिळते त्यात आहे. कोयोटी वरच्या आरपीएमला खुलतं, ७५०० पर्यंत जातं, तिला पिळावं लागतं. एलटी-वन जुन्या पद्धतीचं पुशरॉड इंजिन, कमी आरपीएमलाच ढकलायला लागतं. टेस्ट ड्राइव्हला मॅन्युअल गाडी तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमला आणा आणि गॅस दाबा, दोन्ही गाड्यांत हेच करा, कुठली तुमच्या स्वभावाची आहे ते लगेच कळेल.

आता मुद्द्याचं. मस्टँग विरुद्ध कमॅरो असा सामना खरं तर नसतोच. साधी एसएस आणि वन-एलई (म्हणजे ट्रॅकसाठीच्या) पॅकेजवाली एसएस यांच्यात जेवढा फरक आहे तेवढा साध्या एसएस आणि साध्या जीटीमध्ये नाही. म्हणून जाहिरातीत 'कमॅरो एसएस' वाचून किंमत लावू नका, आधी पॅकेज शोधा. २०१७ पासून आलेल्या एसएस वन-एलई मध्ये मॅग्नेटिक राइड सस्पेन्शन, इलेक्ट्रॉनिक लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा भाग), पुढे सहा पिस्टनचे ब्रेम्बो ब्रेक, रेकारो सीट आणि गुडइयरचे सुपरकार-थ्री टायर (पुढे २८५, मागे ३०५ रुंदीचे) येतात, आणि ती फक्त मॅन्युअल. वन-एसएस आणि टू-एसएस ही ट्रिमची नावं आहेत, म्हणजे सीट थंड-गरम होतं का, म्युझिक सिस्टिम कुठली, एवढाच त्याचा अर्थ. वन-एसएसला वन-एलई समजणारे विक्रेतेसुद्धा असतात. आणि वन-एलईसारखं काळं बॉनेट बघून खूश होऊ नका, ते कोणीही रंगवून घेतं. डीलरकडे व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) द्या आणि आरपीओ कोडची, म्हणजे कारखान्यात गाडीत काय काय घातलं त्याची यादी मागा, त्यात वन-एलई पॅकेज आहे हे डीलरने सांगितलं तर खरं.

मस्टँगमध्ये तसंच परफॉर्मन्स पॅक. लेव्हल वन मध्ये पुढे सहा पिस्टनचे ब्रेम्बो, मोठा रेडिएटर आणि मॅन्युअलला ३.७३ रेशोचा टॉर्सन लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. लेव्हल टू मध्ये मॅग्नेराइड (फोर्डचं मॅग्नेटिक सस्पेन्शन) आणि चारही बाजूंना ३०५ चे मिशलिन कप-टू टायर, तीही फक्त मॅन्युअल. 'जीटी प्रीमियम' लिहिलंय म्हणजे हे सगळं आलं असं अजिबात नाही, प्रीमियम म्हणजे लेदर वगैरे. मूळ विंडो स्टिकर (नव्या गाडीच्या काचेवरची किंमत आणि पॅकेजची यादी) मागा, ज्याने गाडी प्रेमाने ठेवलीय त्याच्याकडे तो बहुतेक असतोच.

त्यामुळे तुलना जोडीने करा: साधी एसएस आणि साधी जीटी, किंवा वन-एलई आणि लेव्हल टू. वन-एलई चालवून आलात आणि मग ऑल-सीझन टायरवरच्या साध्या जीटीत बसलात तर मस्टँग बोगस वाटणारच, त्यात बिचारीचा काय दोष. (मस्टँगमध्ये मॅक-वन आणि कमॅरोत झेडएल-वन ही आणखी वरची मॉडेल्स पण आहेत, पण ते बजेट वर जातं, आज नको.)

गिअरबॉक्सवर जरा थांबतो कारण सेकंडहँडमध्ये पैसे इथेच बुडतात. कमॅरोचा मॅन्युअल गिअरबॉक्स ट्रेमेक कंपनीचा टीआर-६०६०, दणकट, याच्याबद्दल तक्रारी फारशा ऐकू येत नाहीत. मस्टँग जीटीचा एमटी-८२, याच्याबद्दल मात्र ओरड जुनी आहे, विशेषतः गिअर थंड असताना दुसरा नीट पडत नाही अशी, तेव्हा गाडी थंड असतानाच पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, परत खाली, असं करून बघा, अडकला किंवा खरखरला तर किंमत बोलायच्या आधी निघा. फोर्डने मॅक-वन ला ट्रेमेक दिला यातच काय ते समजा.

ऑटोमॅटिकची मजा वेगळीच. २०१६ ते २०१८ च्या एसएसमध्ये ८-स्पीड आहे आणि तिच्यात हलक्या गॅसवर, हायवेच्या स्पीडला, रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथर येऊ शकते; जीएमने (शेव्हरलेची मालक कंपनी) त्यासाठी वेगळं ट्रान्समिशन ऑइल भरायला सांगितलं होतं, ते काम झाल्याची पावती आहे का विचारा. २०१९ पासून एसएसला १०-स्पीड आली आणि गंमत म्हणजे ही १०-स्पीड फोर्ड आणि जीएमने मिळून बनवलेली, म्हणजे इकडे भक्तमंडळी एकमेकांच्या उरावर बसलेली आणि तिकडे दोन्ही कंपन्यांचे इंजिनिअर एकाच टेबलावर. अजून एक, ऑटोमॅटिक एसएसमध्ये अर्धे सिलिंडर बंद करून पेट्रोल वाचवायची सिस्टिम असते, मॅन्युअलमध्ये नसते. मला ती नसलेली बरी वाटते, जेवढे भाग कमी तेवढी पुढची डोकेदुखी कमी.

आता रोजचं जगणं. कमॅरो कोपऱ्यात वळवायला या दोघींत जास्त चोख आहे, स्टिअरिंग हातात बोलतं, हे मी मस्टँग आवडत असूनही म्हणतो. पण आतून बाहेर दिसत नाही! खिडक्या अरुंद, छप्पर खाली, मागचे खांब जाड, लेन बदलताना मान मोडेपर्यंत वळवली तरी समाधान होत नाही. डिकी ९.१ घनफूट, आणि तोंड इतकं लहान की इंडियन स्टोअरमधून आणलेल्या तांदळाच्या पिशव्या तिरक्या करून घालाव्या लागतात, मस्टँगची १३.५. मागची सीट दोन्हीकडे नावालाच, भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार असतील तर त्यांच्यासाठी दुसरी गाडी घरात आहे हे गृहीत धरा. टेस्ट ड्राइव्हला बायकोला (किंवा नवऱ्याला) सोबत न्या आणि तिलाही पार्किंगमधून रिव्हर्स घ्यायला लावा, कमॅरोचे निम्मे सौदे तिथेच मोडत असतील.

दोन्ही गाड्या शक्यतो एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवा. आज एक आणि पंधरा दिवसांनी दुसरी असं केलं की जी शेवटी चालवली तीच आवडते. रस्त्यात हायवेचा रॅम्प हवा, खड्ड्यांचा तुकडा हवा आणि थोडं ट्रॅफिक हवं. निघायच्या आधी टायरचं प्रेशर बघा, आणि टायर कुठले आहेत ते लिहून ठेवा, साइडवॉलवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. मिशिगन, न्यू जर्सी, शिकागो असल्या थंडीच्या ठिकाणी राहत असाल तर समर टायर ४० फॅरनहाइटच्या खाली नेऊ नका, पकड जाते आणि गोठणाऱ्या थंडीत रबराला भेगाही पडू शकतात, म्हणजे विंटर टायरचा दुसरा सेट आणि तो ठेवायला जागा, हा खर्च किमतीत आत्ताच धरा.

विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नको. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर परत कधीतरी येतो म्हणा. थंड इंजिन चालू होतानाचा आवाज, धूर, सगळं तेव्हाच कळतं. २०१८ नंतरच्या कोयोटीमध्ये गरम झाल्यावर आयडलिंगला टिकटिक येते, मालक लोक तिला टायपरायटर टिक म्हणतात, फोर्डच्या मते ती नॉर्मल. पण टिकटिक वेगळी आणि ठकठक वेगळी, ठकठक असेल तर मेकॅनिकशिवाय पुढे जाऊ नका. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) लावून रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते बघा, बरेचसे 'नॉट रेडी' दिसले तर कोणीतरी नुकतेच दोषांचे कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलीय. एक्झॉस्ट बदललाय का, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर आहेत का, ट्यून केलीय का (इंजिनचं सॉफ्टवेअर बदललंय का) हे सरळ विचारा, कॅलिफोर्नियात असाल तर असल्या गाडीचं स्मॉग टेस्टला (धुराच्या तपासणीला) काही खरं नाही. टायटल (मालकीचा कागद) क्लीन पाहिजे, रिबिल्ट म्हणजे मोठ्या नुकसानीनंतर दुरुस्त केलेली असेल तर स्वस्तात का आहे ते कळलंच. आणि दोनेकशे डॉलर खर्चून स्वतंत्र मेकॅनिककडून तपासणी करून घ्याच, विक्रेता नाही म्हणाला तर उत्तर मिळालं.

पुण्या-मुंबईतून विचारणाऱ्यांसाठी एवढंच की तुमच्याकडे हा प्रश्न येतच नाही. मस्टँग २०१६ मध्ये राइट हँड ड्राइव्ह होऊन भारतात अधिकृतपणे आली, ही कमॅरो कारखान्यातून फक्त लेफ्ट हँडच निघाली आणि शेव्हरलेने २०१७ मध्ये भारतात गाड्या विकणंच बंद केलं.

पैसे देण्याआधी दोन्ही गाड्यांचे व्हीआयएन देऊन इन्शुरन्सचा कोट मागवा. तिशीच्या आत असाल आणि एखादं स्पीडिंग तिकीट असेल तर महिन्याच्या हप्त्यातला फरक गाडीच्या किमतीतल्या फरकाला सहज खाऊन टाकतो. ट्रॅकवर जायचा विचार असेल तर साध्या पॉलिसीत ते बहुतेक धरलेलं नसतं, त्या दिवसापुरतं वेगळं घ्यावं लागतं. मला विचाराल तर महिन्यातून एखाद्या शनिवारी जिंजरमन किंवा न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्क असल्या रेस ट्रॅकला जाणारा माणूस असेल आणि घरात दुसरी गाडी असेल तर वन-एलई, डोळे झाकून. रोज ऑफिसला हीच न्यायची असेल तर लेव्हल वन पॅकवाली जीटी, आणि ट्रॅफिकमध्ये क्लच दाबायचा कंटाळा असेल तर १०-स्पीडवाली घ्या, कोणी हसलं तर हसू दे.