डाइंग, बॉयलर, ईटीपी: सोलापूरच्या टॉवेल कारखान्यांनी या चुका टाळा

टॉवेल-चादरीच्या बहुतेक कारखान्यांत पर्यावरणाची एक जाड फाइल असते. ती कन्सल्टंट सांभाळतो आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचा माणूस आला की कपाटातून बाहेर निघते. इकडे डाइंग मास्तरने ती कधी उघडलेली नसते. उद्या काळा लागणार की फिका गुलाबी, हे ईटीपीवरच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवरच्या) ऑपरेटरला कुणी सांगत नाही. रिकामे बॅरल कुठे गेले, हे फक्त स्टोअरकीपरला ठाऊक. खालच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. त्या सुधारायला वेगळं खातं उघडावं लागत नाही. जॉब कार्ड, खरेदीची ऑर्डर आणि गेटपास या तीन कागदांवर एक-दोन रकाने वाढवले की निम्मं काम होतं.

मिठाचं ओझं ईटीपीवर टाकणं

सगळ्यात महागडी चूक हीच. रिअॅक्टिव्ह रंगाला मीठ लागतं, गडद शेडला लिटरमागे 60 ग्रॅम आणि कधी त्याहून जास्त. 100 किलो सूत 1:10 च्या बाथमध्ये (किलोभर सुताला दहा लिटर पाणी) रंगवलं तर 1,000 लिटर पाणी आणि 60 किलो मीठ. यातलं मीठ सुतावर बसत नाही, सगळंच्या सगळं गटारात येतं. धुण्यासकट किलोमागे 80 लिटर पाणी लागलं असं धरा, म्हणजे 8,000 लिटर. त्यात नुसत्या मिठाचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) 7,500 मिलिग्रॅम प्रति लिटर होतो. केंद्राच्या 2016 च्या कापड उद्योगाच्या निकषांत मर्यादा 2,100 आहे.

चुना, हिराकस (फेरस सल्फेट), ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) यांपैकी कशानेही विरघळलेलं मीठ निघत नाही. तरी टीडीएस वाढला की मालक ईटीपीच्या ऑपरेटरवर ओरडतो. उपाय डायहाउसमध्येच, म्हणजे रंगाई खात्यात, शोधायला हवा. तोच लॉट 1:6 च्या मशीनवर घेतला तर मीठ 60 वरून 36 किलोवर येतं. दुसरं, रंगाचा पहिला बाथ आणि नंतरचं धुण्याचं पाणी एकाच नाल्यात सोडू नका. पहिला बाथ थोडा पण खारट असतो. त्याची वेगळी पाइप आणि वेगळी टाकी करून तो आरओ-बाष्पीभवनाकडे न्या. धुण्याचं पाणी पुष्कळ पण सौम्य असतं, ते ईटीपी सहज पेलतो. बोअरच्या जड पाण्यासाठी सॉफ्टनर असेल तर त्याच्या रिजनरेशनचं (मिठाने तो पुन्हा ताजा करतानाचं) खारं पाणीही पहिल्या बाथच्याच टाकीत घ्या. ते सहसा कुणी हिशोबात धरत नाही.

जॉब कार्डावर वाढवायचे दोन रकाने: या लॉटला किती किलो मीठ आणि किती लिटर पाणी. त्यासाठी मशीननिहाय पाण्याचं मीटर लागेल. एकच मोठं मीटर गेटवर बसवून काही कळत नाही.

घमेल्याने चुना मोजणं

"रंग जास्त आहे, दोन घमेली टाक," हे वाक्य अनेक ईटीपींवर ऐकू येतं. घमेलं हे माप नाही. चुना जास्त पडला की पीएच 8.5 च्या वर जातो, मग तो उतरवायला अॅसिड, आणि गाळ वाढतो तो वेगळाच. गाळाच्या विल्हेवाटीचे पैसे वजनावर मोजावे लागतात, म्हणजे तुम्ही चुना दोनदा विकत घेता.

समकरण टाकीतलं (सगळं सांडपाणी आधी जिथे एकत्र मिसळतं तिथलं) एक-एक लिटर पाणी पाच-सहा बीकरमध्ये घ्या, वाढत्या मात्रेने चुना आणि हिराकस टाका, ढवळा, अर्धा तास ठेवा. ज्या सर्वांत कमी मात्रेत वरचं पाणी नितळ दिसतं ती त्या दिवसाची मात्रा. शेड बदलली की चाचणी पुन्हा. बाहेर जाताना स्वच्छ दिसणारं पाणी बाटलीत रात्रभर ठेवल्यावर पिवळट-तांबूस झालं, तर हिराकस जास्त पडतोय. विरघळून राहिलेलं लोह हवेने गंजतं.

एअरेशन टाकीला यंत्र समजणं

हवा फुंकत ठेवलेल्या त्या टाकीत पाण्यातली घाण खाणारे जिवाणू आहेत. त्यांना प्राणवायू, खाणं आणि सोसेल इतपत उष्णता लागते. पाणी 38-40 अंशांच्या वर गेलं की त्यांचं काम ढेपाळतं. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये हवाच 42-43 अंशांपर्यंत जाते, त्यात डायहाउसमधून उकळतं पाणी थेट आलं तर आठवडाभर टाकी सावरत नाही. ब्लीचिंगचं कॉस्टिक आणि उरलेलं पेरॉक्साइड तर त्यांच्यासाठी विषच. म्हणून समकरण टाकी निदान आठ-दहा तासांच्या पाण्याची हवी, आणि ती ढवळत राहिली पाहिजे. ती गाळाने अर्धी भरलेली असेल तर कागदावर कितीही लिटरची असो, उपयोग नाही.

रोज सकाळी एक चाचणी करा, खर्च शून्य. एअरेशन टाकीतलं पाणी एक लिटरच्या मोजनळीत भरून 30 मिनिटं न हलवता ठेवा. गाळ 250 ते 350 मिलिलिटरवर बसला आणि वर पाणी नितळ असेल तर ठीक. 100 च्या खाली असेल तर जिवाणू कमी आहेत, गाळ काढणं थांबवा. 700 च्या वर राहिला तर लगेच गाळ उपसू नका, आधी तपासा: अर्धं टाकीचं पाणी, अर्धं प्रक्रिया केलेलं पाणी घेऊन पुन्हा अर्धा तास ठेवा. पातळ केल्यावर गाळ झटकन खाली बसला तर तो नुसता जास्त झालाय, काढा. तरीही वरच लोंबकळत राहिला तर तंतुमय जिवाणू वाढलेत. प्राणवायू लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या खाली गेलाय का आणि युरिया-डीएपी कमी पडतंय का, ते बघा. कापडाच्या पाण्यात नत्र-स्फुरद कमीच असतं. दर 10 किलो बीओडीला (घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू) साधारण 1 किलो युरिया आणि अर्धा किलो डीएपी पुरतं. गाळ नीट बसून तास-दीड तासाने बुडबुड्यांसह गोळ्यांनी वर आला, तर सेटलिंग टाकीत तो फार वेळ पडून राहतोय. गाळ एअरेशन टाकीत परत नेणारा पंप जास्त चालवा.

दिवाळी आणि गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत टाकी उपाशी मरते. कारखाना बंद तसा ब्लोअरही बंद, असं करू नका. दर तासाला 15-20 मिनिटं चालू ठेवा, रोज थोडं गुळाचं पाणी द्या. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी पाव प्रवाह, मग तीन-चार दिवसांत पूर्ण. सुट्टीआधी साठलेला ब्लीचिंग बाथ पहिल्याच सकाळी सोडला तर वरची सगळी मेहनत फुकट.

न चाललेल्या ब्लोअरचं लॉगबुक भरणं

ईटीपीला स्वतंत्र वीजमीटर असतं आणि तेच खरं बोलतं. 5 एचपीचा ब्लोअर 20 तास चालल्याची नोंद असेल तर मीटरवर साधारण 75 युनिट दिसायला हवीत. वहीत 20 तास आणि मीटरवर 18 युनिट हा फरक कुणीही दोन मिनिटांत काढतो. मीटरचं रीडिंग रोज त्याच वहीत लिहा.

रिकामे बॅरल भंगारात देणं

स्टोअरमधून सहज होणारी आणि सगळ्यात घातक चूक. काही दिवसांआड नळ येणाऱ्या या शहरात निळ्या प्लास्टिक बॅरलला कायम गिऱ्हाईक असतं. कॉस्टिकचा किंवा रंगाच्या सहाय्यक रसायनाचा बॅरल भंगारवाल्याकडून कुणाच्या तरी घरी पिण्याच्या पाण्यासाठी जातो. रसायनाने माखलेला बॅरल घातक कचऱ्यात मोडतो, तसाच ईटीपीचा गाळ आणि वापरलेलं ऑइल. बॅरल पुरवठादाराने परत न्यावा, ही अट खरेदीच्या ऑर्डरमध्येच घाला, नाहीतर अधिकृत पुनर्वापरकर्त्याला द्या. गेटपासवर "घातक कचरा: हो/नाही" हा रकाना ठेवा. "हो" असेल तर फॉर्म 10 च्या मॅनिफेस्टशिवाय (घातक कचरा वाहतुकीच्या कागदाशिवाय) गाडी सुटू नये. साठा 90 दिवसांपेक्षा जास्त नको, आणि तो छपराखाली, पक्क्या फरशीवर. इथे पाऊस कमी, पण सप्टेंबरमध्ये एकदम कोसळतो. उघड्यावरच्या गाळाच्या पोत्यांतला रंग मग पावसाळी गटारातून शेजारच्या शेतात दिसतो.

बॉयलर

थोडक्यात: कंडेन्सेट (वाफेचं परत झालेलं गरम पाणी) गटारात सोडू नका. फीडवॉटर 6 अंशांनी गरम झालं की इंधन साधारण 1 टक्का वाचतं, आणि कंडेन्सेट हे फुकटचं मऊ पाणीही आहे. धुराडं काळं ओकत असेल तर आधी लाकूड-बगॅस (उसाचं चिपाड) किती ओलं आहे ते बघा, मग हवा पुरते का ते.

तारखा आणि वाढवलेल्या मशीन

घातक कचऱ्याचा वार्षिक अहवाल, फॉर्म 4, 30 जूनपर्यंत. पर्यावरण विवरण, फॉर्म 5, 30 सप्टेंबरपर्यंत. फॉर्म 5 मध्ये किलोमागे किती पाणी लागलं ते विचारतात. गेल्या वर्षीचाच आकडा पुन्हा उतरवू नका, जॉब कार्डांची बेरीज करून लिहा. त्या बेरजेत उत्पादन कन्सेंटमधल्या (मंडळाच्या परवानगीतल्या) क्षमतेपेक्षा जास्त निघालं, तर दोन नव्या मशीन बसवताना कन्सेंट बदलून घ्यायचा राहिलाय. तो अर्ज आधी करा, अहवाल मग.